सारसोळ्याच्या वाटेवरचा दगड

माझी बहीण कोकणात सहलीला गेली की मला पुळणीचे, वाळूच्या टेकाडांचे फोटो पाठवते. माझ्याकडे तिला पाठवायला काय, तर चिखल! पण नेरुळच्या खाडीच्या चिखलाला नावं नाही हं ठेवायची. ओहोटीला तो लांबवर चकाकतो, तिवरांची मुळं काड्या रोवल्यासारखी वर आलेली दिसतात, आणि हिवाळ्यात फ्लेमिंगो येऊन असे उभे राहतात की वाटावं, कुणी गुलाबी ओढण्या वाळत घातल्यात.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं, तेव्हापासून मी रोज सकाळी सोसायटीच्या गेटातून निघते ती थेट सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत. वाटेत एका ठिकाणी जमीन खोलगट आहे. भरतीचं पाणी तिथं येऊन जातं, आणि मग नुसता राडा. चपला अशा जड होतात की पाय उचलवत नाही. पुढं चार पावलांवर एक वीतभर उंचीचा काळा दगड आहे. वाकणं मला जमत नाही, म्हणून शेजारच्या झाडाला धरायचं आणि त्या दगडाच्या कडेवर चपलांचे तळवे खरवडायचे. आधी डावा, मग उजवा. दोन वर्षं हे केलं मी. वर स्वतःचंच कौतुक, काय युक्ती शोधली म्हणून!

मागच्या चैत्रात एक दिवस पाहते तर त्या दगडापुढं आमची मासळीवाली उकिडवी बसलेली. सारसोळ्याचीच ती, शुक्रवारी आमच्या बिल्डिंगखाली पाटी घेऊन बसते. हातात नारळाची शेंडी, बाजूला पाण्याची कळशी, आणि दगड घासणं चाललेलं.

"अगं, हे काय गं?" मी विचारलं.

"देव हाय आमचा, काकी. होरी घेऊन दर्यात जायच्या आधी मानसं याच्या पाया परतात."

मी दोन पावलं मागं सरले. मी घाटावरची. आमच्याकडं शेंदूर दिसला की हात जोडायचे, शेंदूर नाही तो नुसता दगड. तेवढंच मला ठाऊक.

"मग शेंदूर कसा नाही याला?"

"उधानाचं पानी रंग ठेवील का? आनि रोज कोन चिखल फासतंय, काय म्हाईत. रोज धुते मी."

आता इथं बोलायला हवं होतं. एरवी माझं तोंड कधी बंद असतं? आणि मी काय बोलले, तर, "ते पलीकडं रस्त्याचं काम चाललंय ना, त्या मजुरांचंच असणार. लोकांना काही वाटतच नाही आजकाल!"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली माझ्या चपलांकडं. ताज्या चिखलानं भरलेल्या. तिनं कळशीतलं उरलेलं पाणी दगडावर ओतलं आणि अबोलीची वेणी ठेवली.

मी घरी आले. चहा गोड लागेना. ते मजूर बिचारे दिवसभर उन्हात डांबर ओतत होते, माझ्या वाटेलाही कधी गेले नव्हते. दोन दिवस गुडघ्याचं निमित्त करून चालायलाच गेले नाही.

तिसऱ्या दिवशी गेले. दगड स्वच्छ होता. आणि त्याच्या अलीकडं, त्याच झाडापाशी, एक खरबरीत फरशीचा तुकडा जमिनीत आडवा, पक्का रोवलेला. झाडाला धरून पाय घासता येईल असा, अगदी बेतानं.

तेवढ्यात ती जेट्टीकडून आली, डोक्यावर पाटी.

"तू ठेवलीस?"

"तुमाला वाकता येत नाय ना."

"म्हणजे त्या दिवशी तुला ठाऊक होतं?"

"पयल्यापासून. रोज जेट्टीवरून दिसता की."

"मग त्या मजुरांवर का घातलंस? सांगायचंस ना तोंडावर!"

ती हसली, पण डोळे नाही हसले. "मी कुठं घातलं, काकी? तुमी घातलंत."

मी तिथंच चपला काढल्या. चिखलात अनवाणी उभी राहून म्हटलं, "चुकलं गं माझं. तुझ्याशीही आणि त्यांच्याशीही."

"देवाला सांगा," ती म्हणाली. "मना मासं विकाचं हायेत."

देवाला सांगितलं. मजुरांना सांगायला गेले, तोवर त्यांचं काम संपलं होतं. रस्ता गुळगुळीत झाला होता आणि त्यांच्या ताडपत्र्यांच्या झोपड्याही उठल्या होत्या.