पाठ टेकली तरी

निवृत्तीनंतर घरातले कागद कमी झाले, किस्से मात्र साचत गेले. कुणी चहाला आलं की एक निघतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा. यातलं किती जसंच्या तसं घडलं आणि किती मी मागाहून नीट लावून घेतलं, याची आता मलाच खात्री नाही. पण ऐका.

*

जुजुत्सू या जपानी झटापटीच्या खेळाचे परदेशात मोठमोठे सामने भरू लागले, तेव्हा आपल्या शहरातही चार पोरांनी संघटना काढली. नियमांचं पुस्तक आलं इंग्रजीत. मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आयुष्यात एक जोर मारलेला नाही. पोरं घरी आली. "सर, तुम्ही पीएचडी. तुम्हीच सेक्रेटरी!"

"अरे, माझी पीएचडी लोखंडाच्या गंजावर आहे."

"कशावर का असंना, इंग्रजी वाचता येतं ना!"

नाही म्हणायला मला कधीच जमलं नाही.

*

मॅट परवडेना. चिकलठाण्याच्या कारखान्यांतून पॅकिंगचा फोम मागून आणला आणि त्यावर घालायला ताडपत्री घ्यायला गुलमंडीत गेलो. दुकानदार म्हणाला, "मंडप कित्ता बडा, सर? कित्ते लोगां बैठेंगे?"

"ऊपर नहीं, नीचे बिछाना है. लोग इसपे गिरेंगे."

त्यानं माझ्या चष्म्याकडे बघितलं. "पढेलिखे लोगां भी गिरते क्या, सर?"

*

आमचे खरे खेळाडू दोनच. साहेबराव खुलताबादकडचा, घरी मेंढरं, स्वतः कारखान्यात कामाला, मूळचा पैलवान. यशवंत विद्यापीठात एम.ए. करणारा, नामांतराच्या मोर्चातून थेट सरावाला यायचा.

जुजुत्सूत गळा आवळला गेला की हात आपटून हार मानायची, म्हणजे समोरचा सोडतो. साहेबरावला हे पटेना. एकदा यशवंतनं गळा धरला, हा काही हात आपटेना, आणि बघता बघता बेशुद्ध! मी पुस्तक टाकून पाणी शिंपडलं. डोळे उघडून म्हणाला, "सर, हरलो का?"

"अरे, तू बेशुद्ध पडला होतास!"

"ते नाय इचारलं."

*

साहेबरावची दुसरी खोड वेगळी. पाठ जमिनीला लागली की हा थांबायचा, उठायचा, हात मिळवायचा. कुस्तीत तीच हार. मी रोज पुस्तक उघडून सांगायचो, "इथं पाठ टेकली तरी हार नाही. खालूनही लढता येतं." "व्हय सर," म्हणायचा आणि पुन्हा उठायचा. असे सहा महिने. मग एक दिवस तो उठलाच नाही. खालूनच त्यानं यशवंतचा हात पायांच्या विळख्यात असा पकडला की यशवंत ओरडला, "सर, तुमचं पुस्तक मिटा आता!"

*

विद्यापीठाच्या नावावरून शहर धुमसत होतं. कर्फ्यू लागायचा, उठायचा. त्यातच राष्ट्रीय निवड चाचणीचे फॉर्म आले. तिथून पुढं परदेश. जिल्ह्याला जागा एकच. यशवंतनं शिक्षणसंस्थेच्या रकान्यात विद्यापीठाचं अजून मंजूर न झालेलं नवं नाव लिहायला पेन काढलं. फॉर्म परत येईल, पोरगा अडकेल, मला जाब विचारतील... मी म्हणालो, "रिकामं ठेव. पुढं बघू."

"सर, आमचं सगळं पुढंच बघायचं ठरलंय."

पण ठेवलं त्यानं रिकामं. माझा मान राखला. अजून खुपतं.

*

त्या एका जागेसाठी सामना या दोघांतच. साहेबरावच्या गावचे लोक जीप करून आले होते. चुलत्यानं दारातच बजावलं, "त्या मोर्चावाल्याकडून हरून गावात येऊ नको."

यशवंतनं साहेबरावला उचलून आपटलं. पाठ टेकली. पण खालून साहेबरावनं तोच विळखा घातला. यशवंतचा हात अडकला, तोंड वेडंवाकडं झालं. आता तो हार मानणार, एवढ्यात साहेबरावनं विळखा सोडला. उठला. हात पुढं केला.

चुलता ओरडला, "ओ सर, नियम सांगा त्याला!"

मी पुस्तक घेऊन मॅटपर्यंत गेलो. "साहेबराव, पाठ टेकली तरी हार नाही. पंच विचारतायत, लढतोस का?"

"पुस्तक बराबर हाय, सर. पर पाठ माझी हाय."

पंचांनी यशवंतचा हात वर केला. तो तसाच घामानं निथळत माझ्या टेबलाशी आला. "सर, फॉर्म."

मी फॉर्म दिला. पेनही दिलं. दुखऱ्या हातानं तो रिकाम्या रकान्यात लिहू लागला. साहेबराव त्याच्या खांद्यावरून बघत होता.

"दाबून लिव रं. सरांना कमी दिसतं."