रत्नम्माची सही

परवा बसवनगुडीच्या बँकेत शिक्क्याच्या शाईचा वास आला आणि रत्नम्मा आठवली. ती आमच्याकडे भांडी घासायची. सरकारी साक्षरता वर्गात माझी आईच शिकवायची. तिथे महिनाभर गिरवून रत्नम्मा सही शिकली होती. पण रेशनकार्डाच्या वेळी नवऱ्याने अंगठा उठवला, तसा तिनेही मुकाट्याने अंगठाच पुढे केला.

"अगं, सही येते ना तुला?" घरी आल्यावर आई चिडली.

"येते, अक्का. पण त्यांना येत नाही."

आई दिवसभर धुसफुसत राहिली. संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून मी पाहत होते. रत्नम्माने कढईच्या काळ्या बुडावर राखेच्या बोटाने आपलं नाव लिहिलं, क्षणभर पाहिलं आणि वर पाणी ओतलं.

मला तो खेळ वाटला होता.