सहानंतर आठ

गोपाललालजींच्या विषयपत्रिकेत सहानंतर एकदम आठ येत असे. मधली ओळ कोरी. पंचायतीच्या बैठकीत ते उभ्याने एकेक विषय वाचत. सहावा आटोपला की चष्मा काढून दाराकडे बघत, कुणीतरी आत यायचं राहिलंय अशा नजरेने, आणि मग "आगे चलें" म्हणून आठव्याला हात घालत. पंच माना खाली घालत. नवख्याला वाटावं, म्हातारा मोजायला चुकला. मी नवखा नव्हतो. ती ओळ कोरी का, हे मला ठाऊक होतं, आणि माझीही मान खालीच असे.

जयपूरला बदली झाली तेव्हा आम्ही मुरलीपुऱ्यात बिऱ्हाड केलं. बँकेने मला सीकर रोडवरच्या एका खेड्यातली शाखा दिली होती. शाखा आणि पंचायत भवन यांच्यात एकच भिंत. गोपाललालजी तिथले ग्रामसचिव. पांढरा पायजमा-शर्ट, कानात अत्तराचा बोळा, आणि बोलताना प्रत्येकाला "जी" लावायची सवय. पंचायतीच्या आवारातल्या कुत्र्यालाही ते "हटो जी" म्हणत. पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, "साहब, दीवार एक है तो मटका भी एक ही रखेंगे." तेव्हापासून मी पाणी प्यायला त्यांच्या खोलीत जाऊ लागलो, आणि पंचायतीचा संसार फुकटात बघू लागलो.

कुणाचा हातपंप रुसलेला, कुणाच्या ओट्याने गल्ली अडवलेली, कुणाच्या नातीचा जन्मदाखला हरवलेला. आलेल्याचं ऐकून घ्यायचं, वहीत टिपायचं आणि म्हणायचं, "लिख लिया है जी." एवढ्यावर माणूस निश्चिंत होऊन घरी जाई. एकदा दोन सख्खे भाऊ बांधावरच्या कडुनिंबावरून हातघाईवर आले. गोपाललालजींनी दोघांना मटक्याचं पाणी पाजलं आणि गंभीरपणे लिहिलं: पेड़ दोनों का, छाया जो बैठे उसकी. मला हसू आवरेना. त्यांनी मात्र दोघांच्या सह्या घेतल्या.

सह्यांचा तिथला रिवाज निराळा होता. महिन्यातून दोनदा, पाच आणि वीस तारखेला, बैठक भरे. आल्याआल्या सगळे कोऱ्या पानाच्या तळाशी सही करून मोकळे होत. काय ठरलं ते गोपाललालजी नंतर सवडीने, वळणदार अक्षरात वर लिहीत. आमच्या बँकेत असं कुणी केलं असतं तर मी त्याला घरी बसवला असता. पण तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नसे, कारण लिहिणारे गोपाललालजी होते.

एका पाच तारखेला मला खास बोलावणं होतं. सहावा विषय पीकविम्याची माहिती, वक्ते बँकेचे मॅनेजरसाहेब. सातवा, शाळेमागच्या कोरड्या विहिरीवर लोखंडी जाळी. मीही कोऱ्या पानावर सही ठोकली. दहा मिनिटं बोलायचं होतं, मी तासभर बोललो. हिंदी नुकतीच जमू लागली होती, माना डोलत होत्या, मला चेव चढला. संपलं तेव्हा कचोऱ्या आल्या, पंच उठले. गोपाललालजी कागद धरून तसेच उभे होते. सरपंच म्हणाले, "कुआँ कहीं भागा जा रहा है क्या? बीस तारीख को सबसे पहले लेंगे."

वीस तारीख उजाडायच्या आत भंवर कुंभाराची बायको ग्यारसी त्या विहिरीत पडून गेली. तिची बकरी काठावर उभी राहून ओरडत होती, त्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला गेलो तर सरपंच तिथेच बसलेले, गोपाललालजींना सांगत होते, "पान कोरंच आहे ना? मग लिहा, जाळी त्याच दिवशी मंजूर झाली. आणि त्या वाटेने जाऊ नका अशी दवंडी दिली." गोपाललालजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेला पालथा घातला आणि शाखेत निघून आलो.

त्यांनी लिहिलं. चौकशीच्या साहेबांनी अक्षर पाहिलं, सह्या पाहिल्या, त्यांत बँक मॅनेजरची पाहून त्यांचं अधिकच समाधान झालं. निष्कर्ष निघाला, बाईने सूचना मिळूनही काळजी घेतली नाही. जाळी पुढे बसली. पण "लिख लिया है जी" हे शब्द मी गोपाललालजींच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. विषयपत्रिकेतली ओळ तेव्हापासून कोरी राहू लागली. एकदा मीच धीर करून विचारलं, दाराकडे काय बघता? म्हणाले, "वो आकर चौखट पर बैठती है, साहब. माँगती कुछ नहीं. नंबर की राह देखती है."

निवृत्तीला महिना उरला असताना एका रविवारी ते आमच्या घरी आले. खिशात अर्ज होता. खरी हकीकत लिहिलेली, खाली त्यांची सही, शेजारी साक्षीदाराची जागा. पंचांपैकी कुणी तयार नव्हतं. "आप तो थे साहब." माझी बढती आणि पुण्याची बदली दोन्ही वाटेवर होती. मी म्हटलं, "मुझे ठीक से याद नहीं, गोपाललालजी." त्यांनी अर्जाची घडी घातली. बायकोला वाईट वाटू नये म्हणून बशीतले पोहे शेवटच्या घासापर्यंत संपवले, आणि गेले.

"अहो, त्या दिवशी घरी येऊन तुम्हीच सांगितलंत ना, तासभर बोललो म्हणून?" बायको म्हणाली. "आठवत नाही म्हणजे काय?" मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती गिळून मी जेवलोही.

अर्ज त्यांनी एकट्याच्या सहीने दिला. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं सरपंचांनी कळवलं आणि तो दप्तरी दाखल झाला. त्याच थंडीत गोपाललालजी गेले.

तिसऱ्या दिवशीच्या शोकबैठकीला, तिकडे तिला तीये की बैठक म्हणतात, मी गेलो. सतरंजीवर माझ्या शेजारी भंवर येऊन बसला. हळूच म्हणाला, "एक बात पूछूँ साहब? सचिवजी मेरे घर आए थे. बोले, तेरी घरवाली का कसूर नहीं था. लोग कहते हैं, आखिर में उनका दिमाग चल गया था. आप पढ़े-लिखे हो. चल गया था क्या?"

पुढच्या रांगेत सरपंच बसले होते. मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाही भंवरजी. त्यांचं डोकं शाबूत होतं. सातवा विषय निघालाच नाही. दवंडीही दिली नाही. सहावा विषय माझा होता, मीच बोलत बसलो." हे मी मराठीत बोललो, की हिंदीत, ते खरोखरच आठवत नाही. त्याला कळलं. सरपंचांनी मान वळवली.

"लिखकर दोगे?"

"देतो. आजच देतो."

मग भंवरने विचारलं, "जाली वाली बात में कितनी देर लगती, साहब?"

"एक मिनट," मी म्हणालो.