शिबिरातला पोलीस

परवा लेंग्यावर आल्याचा चहा सांडला आणि त्या वासासरशी आमच्या बोरी गावातली जुनी संध्याकाळ आठवली. त्याच्या आधी तालुक्याच्या एका वकीलबाईंनी देवळात कायद्याचं शिबिर घेतलं होतं. बाईमाणसाचा जबाब पोलिसानं घरी येऊनच घ्यायचा, हे समजावायला त्यांनी छोटं नाटकही बसवलं, आणि त्यातल्या खोट्या पोलिसाला मी असं खडसावलं, की टाळ्या थांबेनात. आठवड्यानं, त्या संध्याकाळी, खरा हवालदार आमच्या अंगणात आला. बांधावरचं भांडण पाहिलेल्या शेजारच्या वहिनींना म्हणाला, “चला ठाण्यात.” वहिनी आशेनं माझ्याकडं बघायल्या. मी त्याला खुर्ची दिली, त्याच्यासाठी आणलेला चहा गडबडीत स्वतःवरच सांडला आणि म्हणालो, “जा वहिनी, साहेब म्हणायलेत तर.” शेवटी बायकोच पुढं झाली, “जबाब इथंच घ्या, साहेब.” त्यानं मुकाट घेतला. तो गेल्यावर बायको मला म्हणाली, “पुढच्या शिबिरात तुमीच पोलीस व्हा. लय शोभंल.”