मालकांची धास्ती आणि आमची पेन्शन

बेळगावात आमच्या मालकांइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही, असं मी पैजेवर सांगते. वडगावात त्यांचा साड्यांचा यंत्रमाग कारखाना होता आणि मी तिथं हिशेब बघायची. आभाळ जरा भरून आलं की ते मेन स्विच बंद करून पायरीवर बसत. कोल्हापूरला माल नेताना राज्याच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर कुणी अडवलं नाही, तर ह्यांचीच छाती धडधडे; मग स्वतःच गाडी थांबवून, कागद घेऊन पोलिसांपुढे उभे राहत. "जावा हो मालक, तुम्हाला कोण अडवलंय?" म्हणून पोलीसच हात जोडत.

अशा माणसानं कामगारांसाठी सामाईक पेन्शन फंड निवडायचं ठरवलं, तेव्हा हे काम काही या जन्मी होत नाही, असंच आम्हाला वाटलं. आलेल्या प्रत्येक एजंटाला ते एकच विचारत, "बुडालं तर?" टाय लावलेला एक तरुण छातीठोकपणे म्हणाला, "सर, बुडणं शक्यच नाही!" तो गेल्यावर मालक घाम पुसत म्हणाले, "ज्याला भ्याच वाटत न्हाय, त्याच्या हातात लोकांचं म्हातारपण कसं द्यायचं गं, आक्का?"

शेवटी टिळकवाडीच्या एक बाई आल्या. "बाजार पडला तर फंडही थोडा उतरेल," त्या सरळ म्हणाल्या. "पण कारखाना बंद पडला तरी पैसे कामगारांच्याच नावावर राहतील. तुम्हालाही हात लावता येणार नाही."

"मलाबी न्हाय?" मालक ताडकन उठले. "मग ह्योच!"

बाई गेल्यावर ते हळू आवाजात बोलले. त्यांच्या वडिलांनी एका वाईट साली कामगारांची साठवलेली रक्कम सुताच्या खरेदीत घातली होती. ती परत आलीच नाही. म्हातारे विणकर दारात येऊन नुसते बसत. "शिवी बी देत न्हवते गं. तवापास्नं मी माझ्याच हाताला भितोय."

पुढं वाईट साल आमच्याही दारी आलं. माग एकेक करून थांबले. एका दुपारी मालकांनी माझ्यासमोरच त्या बाईंना फोन लावला. "थोडं काढता येईल काय?" पलीकडचं उत्तर ऐकून त्यांनी फोन ठेवला आणि त्यांना रडू-हसू एकदमच आलं.

"न्हाय म्हणाल्या," ते म्हणाले. "वाचलो, आक्का."

कारखाना विकला गेला, पाठोपाठ बंगलाही. मालक आता शहापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. पेन्शन जमा होते त्या सकाळी त्यांचा फोन येतो. "आलं काय गं?"

"आलं, मालक."

पलीकडं एक लांब श्वास ऐकू येतो. 'घरी या जेवायला' असं मी म्हणेपर्यंत त्यांनी पुढच्या कामगाराला फोन लावलेला असतो.