चहा पाजणारी संशयित

ती तक्रार आली तो दिवस मला आजही लख्ख आठवतो, कारण तिच्यात कुणाचंच काही गेलं नव्हतं. नावं मुद्दाम घालत नाही.

आधी माझ्याविषयी थोडं. मंगळवेढ्याकडच्या माळावर आमची मेंढरं होती. वडील कळप घेऊन फिरायचे, आई लोकर कातायची. अंथरायला घोंगडी, पांघरायलाही घोंगडी. घरात दुसरं काही नव्हतंच. त्या घरातला पहिला पदवीधर मी. पोलीस खात्यात लागलो आणि निरीक्षक म्हणून सोलापुरात निवृत्त झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

निवृत्ती जवळ आली होती. एसटी स्टँडसमोरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. एका सकाळी तो ठाण्यात आला.

"सायेब, एक पोरगी हाय. रोज म्हाताऱ्याकोताऱ्यांशेजारी बसती. मोबाईलात कायतरी लिवायला लावती आन् वाकून बघती. वर चहा पाजती."

"चहाचे पैसे कोण देतं?"

"तीच की. म्हणून तर आलो. आपल्या सोलापुरात फुकट चहा कोण पाजतंय?"

मुद्दा बिनतोड होता. त्या काळात ओटीपी विचारून खातं साफ केल्याच्या तक्रारी सारख्या येत. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि साध्या वेशात एक हवालदार व एक महिला शिपाई असे दोघे पाठवले. थोड्याच वेळात मुलगी ठाण्यात आली. सोबत मोडनिंबचे एक आजोबाही होते. त्यांचा चहा अर्धा राहिला होता आणि ते कप खाली ठेवायला तयार नव्हते.

त्यांना विचारलं, "आजोबा, खात्यातून काही गेलं का?"

"खात्यात असाय तर पायजे."

"मग तिनं काय लिहायला लावलं?"

"म्हनली, झोप येत न्हाय तवा मोबाईलला काय इचारता? मी लिवलं, 'खाली झोपल्यावर कंबरेला गार लागतंय काय करू'. लई खूश झाली. काय गुन्हा झाला का माज्याकडनं?"

त्यांना बाकावर बसवून महिला शिपायासमोर मुलीची चौकशी सुरू केली. मुलगी विशीतली, बी. कॉम. झालेली. रडली नाही. वडील घरच्या मेंढरांच्या लोकरीच्या घोंगड्या विणतात, बाजारात गिऱ्हाईक उरलेलं नाही. तिनं वेबसाईट काढली, तर ती कुणाला सापडतच नाही. वडिलांनी सांगून टाकलं होतं, थंडीपर्यंत बघू; नाहीतर मेंढरं विकायची आणि माग मोडायचा.

"म्हणून लोक शोधताना कुठले शब्द टाकतात ते बघत होते, सर. त्याला कीवर्ड म्हणतात."

"म्हणजे पासवर्डच की," हवालदार म्हणाला आणि बेड्यांकडे बघू लागला.

इतकी नवी सबब मी उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. खोटं बोलणारा माणूस मोठी गोष्ट पाठ करून येतो, बारीक प्रश्नाला अडतो. मी विचारलं, "घोंगडी ताठ राहायला खळ कशाची लावतात?"

"चिंचोक्याची. भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून कुटायचं, मग शिजवायचं. पण सर, तुम्हाला कसं..."

"प्रश्न मी विचारतो."

माझ्यापुरता तपास तिथंच संपला होता. पण वेबसाईटवर लिहिलंय तरी काय, ते बघितलं. 'पारंपरिक हातमाग-निर्मित लोकरी वस्त्रप्रावरणे.' खरं सांगतो, मला ते फार आवडलं.

"सर, तुम्ही शोधलं तर काय टाकाल?" तिनं विचारलं.

मी माझ्या मोबाईलवर लिहिलं, 'उत्तम प्रतीची अस्सल लोकरी घोंगडी'. हवालदारानं लिहिलं, 'फरशीवर झोपायला जाड काय घ्यावं'. महिला शिपायानं, 'सासऱ्यांना वाढदिवसाला काय द्यावं'. आजोबा उठून माझ्या मोबाईलात डोकावले.

"सायेब, असं बोलतंय का कोन? आन् ज्याला घोंगडी म्हाईत हाय, त्याच्या घरात ती हायच. त्यो धुंडीत कशाला बसल?"

हवालदार खिडकीबाहेर बघून हसला. मला मात्र लख्ख उजेड पडला. ठाण्यात येणारा माणूस कधी कलम सांगत नाही. तो म्हणतो, 'माझी सायकल नेली.' आम्ही फिर्याद त्याच्या शब्दांत घेतो आणि कलम नंतर लावतो. ही पोर आधी कलम लावून बसली होती.

मी म्हणालो, "फिर्यादीसारखं लिही. आधी माणसाची अडचण त्याच्या शब्दांत, मग आपला माल. पण कंबरदुखी बरी होते असं लिहिलंस, तर पुन्हा इथंच भेट होईल आणि तेव्हा चहा मिळणार नाही."

"गार लागणार नाही, एवढंच लिहीन की, सर."

डायरीत मी नोंद केली, चौकशीअंती तक्रारीत तथ्य आढळले नाही. काय झालं ते बघायला आलेल्या चहावाल्याचं तोंड उतरलं. "सायेब, सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक मीच धरून दिलं की."

नोकरीभर मी लोकांकडून उत्तरं काढत आलो. माणूस उत्तर देताना सावरून बोलतो. प्रश्न विचारताना मात्र तो खरा असतो. हे मला त्या मुलीनं शिकवलं. पुढच्या तपासांत समोरच्याला आधी त्याच्या शंका विचारायला मी सुरुवात केली, आणि त्याचा उपयोग झाला.

थंडी पडल्यावर मी आजोबांचं वाक्य जसंच्या तसं मोबाईलला टाकलं. तिचं पान सगळ्यात वर आलं. माग चालू राहिला. मेंढरं विकली गेली नाहीत.