एकशे शहात्तरावं पान

पास्कूभाऊ गेल्याची बातमी माझ्यापर्यंत भाजीबरोबर आली. बोळिंजला आमच्या संकुलाच्या फाटकाशी शनिवारी दुपारी होळी गावची एक बाई माठ आणि मुळा घेऊन बसते. जुडी पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "पास्कूदादा गेला, बाय. बुधवारी माती दिली." मी ऐकलं आणि तिच्याकडे कोथिंबीर मागितली. घरी येऊन दोन्ही भाज्या निवडल्या, धुतल्या, फडक्यावर पसरून ठेवल्या, आणि मग खुर्चीत बसले. याला आता सहा आठवडे झाले. माणूस गेल्यावर लगेच लिहू नये असं माझं मत आहे. लगेच लिहिलेल्यात माणूस कमी आणि रडणंच जास्त असतं.

शेवटची भेट त्याआधी दोनेक महिन्यांची. ते आजारी आहेत असं कळलं म्हणून मी होळी गावात त्यांच्या घरी गेले होते. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, पायांवर चादर, समोर केळीची वाडी. त्यांची मुलगी रिटा चहा आणायला आत गेली, तसं त्यांनी मला विचारलं, "बाय, तुम्ही ते पुस्तक उघडलंत काय?" कुठलं पुस्तक ते दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "हो, उघडलं की." "मग?" "छान आहे," मी म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "बरं बरं." मी पुस्तक उघडलं नव्हतं. आजारी माणसाशी उगाच वाद नको म्हणून खोटं बोलले, आणि घरी आल्यावर विसरूनही गेले.

तर हे पास्कूभाऊ. होळीचे बागायतदार, जातीचे वाचक. नव्वदच्या दशकात आमचं संकुल नवं होतं, आम्ही सगळे गिरगाव-दादरकडून जागेच्या शोधात इथवर सरकलेले. संकुलाच्या कचेरीतल्या दोन कपाटांत मी वाचनालय सुरू केलं. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ मुलाकडे परदेशी जाताना आपला सगळा साठा मला देऊन गेले, आणि तो निघाला निव्वळ विज्ञानकथांचा आणि अद्भुतकथांचा. यानं, परग्रह, कालयंत्रं, जादूची राज्यं. मला खरं तर चरित्रं हवी होती, पण दान दिलेल्या गाईचे दात मोजण्यात अर्थ नव्हता. मी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्यावर आतून एक रेघारेघांचा कागद चिकटवला. पुस्तक वाचून झालं की वाचकाने त्यावर एका ओळीत लिहायचं: आवडलं की निराशा, आणि का. आधी वाचलेल्यांची मतं पुस्तक संपायच्या आत बघायची नाहीत असा नियम होता. दुसरा नियम माझ्यापुरता होता. वाचनालय चालवणाऱ्याने मत लिहायचं नाही, बोलूनही दाखवायचं नाही, म्हणजे कुणावर दडपण येत नाही. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी दहा-बारा जण जमायचे आणि त्या महिन्यातली आवडती आणि फसलेली पुस्तकं यावर हमरीतुमरी व्हायची.

पास्कूभाऊ शनिवारी लूनावर भाजीची टोपली बांधून आमच्या फाटकाशी यायचे. भाजी संपली की कचेरीच्या दारातून कपाटांकडे बघत उभे राहायचे. एके दिवशी मीच म्हटलं, आत या. पायांना माती आहे म्हणून चपला बाहेर काढून आले. शिक्षण गावातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत. घरची बोली निराळी, आम्हांला त्यातलं अक्षर कळायचं नाही. आमच्याशी बोलताना ते जी मराठी बोलत तीही होळीची, आणि लिहिताना मात्र शाळेत गिरवलेली, काना-मात्रा सांभाळलेली. पहिल्याच पुस्तकाच्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं: "निराशा. दोनशे पानांत कोणालाही भूक लागत नाही."

हीच त्यांची कसोटी. मंगळावरच्या वसाहतीची एक कादंबरी आम्हां सगळ्यांना आवडली होती, त्यातलं काचेचं शहर, त्यातली गुरुत्वाकर्षणाची गणितं. आमच्यातले देवधर मास्तर, निवृत्त गणित शिक्षक, तिच्यावर अर्धा तास बोलले. मग पास्कूभाऊंनी हात वर केला. "सगलं बरं हाय. पन हे टोमॅटो लावतात, त्याला पानी कुठनं आनतात?" मास्तर म्हणाले, अहो, तो तपशील झाला. "तपशील कसा? पानी नाय तर शहर नाय." आम्ही हसलो. त्या वेळी खाली टँकर उभा होता, आणि तो वसईच्या बाजूच्या कुठल्या तरी वाडीतली विहीर उपसून आला होता. हे त्यांना ठाऊक होतं. ते त्याबद्दल कधीही काही बोलले नाहीत, आणि आम्हांला विचारायचं सुचलं नाही.

अद्भुतकथांनाही सूट नव्हती. एका पुस्तकाच्या कागदावर त्यांची ओळ आहे: "अर्धं आवडलं. राक्षस खरा वाटतो, राजा खोटा. राक्षसाला थंडी वाजते, राजाला काहीच होत नाही." पहिल्या चार-पाच वर्षांत त्यांनी साठेक पुस्तकं वाचली असतील आणि निखळ 'आवडलं' एकदाच लिहिलं. ती कादंबरी विरारच्या रद्दीवाल्याकडून मी आणली होती. नाव सांगत नाही, कारण लेखक हयात आहेत आणि पुढे जे सांगायचं आहे ते त्यांना रुचणार नाही. पाणी आटलेल्या एका ग्रहावर एक बाई बियाण्याची पिशवी पाठीला बांधून चालत राहते. वाटेत एकेक सोबती गळतो. शेवटी ती एका सुकलेल्या तळ्याशी पोचते, गुडघे टेकते, उकरते... आणि शेवटचं वाक्य: तिने मूठभर माती उचलली आणि नाकाशी नेली. बस्स, पुस्तक संपलं. या शेवटावर आम्ही तीन शनिवार भांडलो. काहींना तो अपुरा वाटला. पास्कूभाऊ म्हणाले, "अपुरा कसा? वास घेतला की कलतं उगवनार का नाय. तिला कललं. आपल्याला कशाला सांगल ती?" मला तो शेवट फार आवडला होता. नियमामुळे मी ते लिहिलं नाही. पास्कूभाऊ दर वेळी चिडवायचे, "बाय, तुम्ही कंदी लिवनार? तुमचं मत काय तिजोरीत ठेवलंय?" पुढे कुठलंही पुस्तक आलं की त्यांचं एकच: "बरं हाय, पन त्या वास घेनारीसारखं नाय."

आता माझी गोष्ट. मला अद्भुतकथांतलं एक पुस्तक जिवापाड आवडायचं, आकाशात तरंगणाऱ्या बेटांच्या राज्याचं. नवरा गेल्यानंतरच्या वर्षात मी ते दोनदा वाचलं होतं, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एका शनिवारी त्याची पाळी आली. मी नियम मोडून त्याच्या बाजूने बोलले, जरा जास्तच बोलले. पास्कूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाय, तरंगत्या बेटावर विहीर किती खोल खनायची?" खोली हसण्याने दणाणली. देवधर मास्तरांना ठसका लागला. मीही हसले. पण ते मला लागलं, आणि लागलेलं मी विसरत नाही.

काही महिन्यांनी पुण्याच्या माझ्या बहिणीने त्याच बियाणंवाल्या बाईच्या कादंबरीची एक प्रत पाठवली. चाळताना लक्षात आलं की ही प्रत जाड आहे. आमच्या प्रतीत पानं एकशे शहात्तर, हिच्यात एकशे ब्याण्णव. रद्दीतली प्रत जुन्या मालकाने नवा पुठ्ठा घालून बांधून घेतली होती. तेव्हा सोळा पानांचा शेवटचा फर्मा, एकत्र छापून दुमडलेला जुडगा, बांधणाऱ्याकडून राहून गेला असणार. आणि एकशे शहात्तराव्या पानाच्या तळाशी वाक्य नेमकं पूर्ण होत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. मी ती सोळा पानं वाचली. आकाश फाटतं, यान उतरतं, यंत्राचा खटका दाबताच तळं भरतं, शेतं डोलू लागतात, आणि त्या बाईचं यानाच्या कप्तानाशी लग्न लागतं. इतका वाईट शेवट मी क्वचितच वाचला असेल. मला त्याचा आनंद झाला... हे लिहिताना संकोच वाटतो, पण झाला.

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी ती सोळा पानं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, हावभावांसकट. लग्नाच्या प्रसंगाला खोली पुन्हा दणाणली. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "पुस्तक एकशे ब्याण्णव पानांचं आहे, पास्कूभाऊ." ते म्हणाले, "असं हाय व्हय." घरी नेलेली दोन पुस्तकं पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि लूना सुरू करून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. शनिवारची भाजी घेऊन त्यांच्याऐवजी होळीचीच एक बाई यायला लागली. अपुरी प्रत आता कशाला, म्हणून मी ती रद्दीत दिली आणि तिचा मतांचा कागद सोडवून नव्या प्रतीत चिकटवला. मला वाटत होतं, हसण्याचा राग आलाय, निवळेल.

चार महिन्यांनी मीच त्यांच्या गावी गेले. ते पाटाने वाफ्यांना पाणी देत होते. मी म्हटलं, हसले म्हणून रागावलात का? "हसन्याचं काय हो. मी पन हसवतो." फावडं टेकून उभे राहिले. "ती बाई माझ्या डोक्यात माती हुंगत बसली होती. रोज सकाली वाफा उकरला की ती आठवायची. आता उकरला की तो कप्तान दिसतो, हार घालून." मी म्हटलं, पण खरं पुस्तक तेच आहे ना? त्यांनी विचारलं, "खरं कंचं, बाय? छापलं ते, का आपन सगल्यांनी वाचलं ते?" मग ते म्हणाले, "ती जुनी प्रत मला द्याल?" ती मी रद्दीत दिली आहे हे मला सांगावं लागलं. निघताना त्यांनी माठाच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या, केळीच्या वाळलेल्या सोपटाने बांधलेल्या. मी माफी मागायला गेले होते आणि न मागता परत आले.

पुढल्या वर्षी ते पुन्हा यायला लागले. तेव्हा मी बहिणीच्या आजारपणात पुण्याला होते, चार महिने, आणि किल्ली देवधर मास्तरांकडे होती. मी परतले तेव्हा पास्कूभाऊ खुर्चीत बसलेले, जणू मधलं वर्ष गेलंच नव्हतं. तशीच वाद घालण्याची पद्धत, तेच पाण्याचे प्रश्न. फक्त अधूनमधून विचारायचे, "ते पुस्तक उघडलंत काय?" मी म्हणायची, बघते. पुस्तकं काढणं-ठेवणं वाचक आपलं आपणच करत, मी वहीत नोंद करी. त्या पुस्तकाची नोंद करताना मी ते हातात घेत नसे. मला त्याची लाज वाटायची, आणि ती लाज मी नियमित कामाखाली छान दडपून टाकली होती.

पास्कूभाऊंना महिना झाला तेव्हाच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, रिटा वाचनालयाची दोन पुस्तकं परत द्यायला आली. टेबलाशी उभी राहून म्हणाली, "पप्पा बोलत होते, बायना सांग ते पुस्तक उघडायला. कंचं ते मना ठाव नाय. तुमाला ठाव हाय म्हनले." ती गेल्यावर मी कपाट उघडलं.

एकशे शहात्तराव्या पानापुढची सोळा पानं बांधलेली होती. कडेला दाभणाने दोन भोकं पाडून त्यांतून सोपटाची बारीक दोरी ओवली होती आणि वर गाठ, माठाच्या जुडीला मारतात तीच. एकही पान फाडलेलं नव्हतं. वर छोट्या कागदावर त्यांच्या शाळेतल्या अक्षरात: "पुस्तक इथे संपते. पुढे जायचे असेल त्याने गाठ सोडावी. सोडल्यास परत बांधावी." मी मागचा पुठ्ठा उलटला. मतांच्या कागदावर जुन्या वाचकांच्या मतांच्या शेवटी त्यांची ओळ होती, "आवडलं. वास घेतला, पुढे सांगितलं नाही." तिच्या खाली गेल्या काही वर्षांतल्या वाचकांच्या नऊ ओळी. गाठ सोडली नाही, आवडलं. गाठ सोडावीशी वाटली नाही. एक ओळ देवधर मास्तरांची: "सोडली. चूक केली. तीनदा प्रयत्न करून परत बांधली." या माणसाने इतकी वर्षं माझ्यासमोर तोंडातून ब्र काढला नव्हता.

पास्कूभाऊंची ओळ आणि या नऊ ओळी यांच्या मध्ये एक ओळ कोरी होती. समासात त्यांनी लिहिलं होतं: "ही ओळ बायची आहे. दुसऱ्या कोणी लिहू नये." आणि कुणीही लिहिलं नव्हतं. नऊच्या नऊ जणांनी ती सोडून खालून सुरुवात केली होती. ओट्यावर मी "छान आहे" म्हटलं तेव्हा ही ओळ कोरी आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. बरं बरं, म्हणाले होते. मी कचेरीचं दार लावून घेतलं आणि बऱ्याच वर्षांनी रडले.

मग पेन काढलं. का ते लिहायलाच हवं, नाहीतर त्यांनी हात वर केला असता. मी लिहिलं: "आवडलं. पुस्तक एकशे शहात्तर पानांचं आहे."